गिबन एकटा ठेवू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई विमानतळावर एका प्रवाशाच्या ट्रॉली बॅगेत, टोपलीत लपवलेली रुपेरी गिबन या माकडासारख्या पण बिनशेपटीच्या प्राण्याची दोन पिल्ले सापडली. एक आधीच मेले होते. ही जात फक्त जावा बेटावरच्या रानात राहते. बातमी वाचल्यापासून ती टोपली डोळ्यांसमोरून हलत नाही.

गिबन आपल्याला परका नाही. ईशान्येतला हुलॉक हाही गिबनच, आणि भारताच्या रानातला एकमेव कपी, म्हणजे इंग्रजीत ‘एप’. माकडासारखी त्याला शेपूट नसते. नर काळाभोर, भुवया पांढऱ्याशुभ्र. मादी वयात आली की सोनेरी-भुरी होते. आसामात त्याला ‘हलौ बांदर’ म्हणतात. शहरातल्या माणसाने मात्र तो पाहिला तो पिंजऱ्यातच. कलकत्त्याचे अलीपूर प्राणिसंग्रहालय 1876 चे, आपली राणीची बाग त्याच्याही आधीची. त्या काळी प्राणिसंग्रहालय म्हणजे दुर्मिळ जनावरांची हौस. पिल्लू तर आईच्या पोटाला घट्ट बिलगलेले. ते मिळवायचे म्हणजे आधी आईला गोळी घालायची. मादीला दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू होते; म्हणजे एका पिंजऱ्यासाठी किती नुकसान झाले असेल, विचार करा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हुलॉकला पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत घेतले. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले आणि सबळ कारण नसताना जोडीदाराविना प्राणी वर्षाहून जास्त ठेवू नये, असा नियमही झाला.

तरीही साधारण पंधरा वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरच्या एका प्राणिसंग्रहालयात मी हुलॉकची एकटी मादी पाहिली. सकाळची वेळ होती. गिबनची जोडी सकाळी मिळून गाते. एकाची हाक दुसरा उचलतो. हिने हाक दिली, चढवत नेली आणि मध्येच थांबली. मान वळवून ऐकत राहिली. समोर पोरे तिची नक्कल करून हसत होती. पुन्हा हाक, पुन्हा तेच थांबणे. मग ती कोपऱ्यातला गज धरून बसली. रोज त्याच जागी धरून तिथला हिरवा रंग उडाला होता, लोखंड चकाकत होते. नर जाऊन चार वर्षे झाली, रोज असेच करते, असे राखणदाराने सांगितले. ती थांबायची तेवढी शांतता मला आजही आठवते.

म्हणून विनंती आहे. हुलॉकच्या प्रजननाचे काम इटानगरच्या जैविक उद्यानाकडे सोपवलेले आहे. देशात जिथे जिथे एकटा हुलॉक असेल, त्याची जोडी जमवण्याची सोय तिथे किंवा ईशान्येतल्या इतर संग्रहालयांत व्हावी. तस्करांकडून सुटलेली परदेशी पिल्ले शक्य तितक्या लवकर त्यांच्या देशी परत जावीत. पिल्ले आणणारा पकडला जातो, पण मागवणारा कोण, हेही शोधायला हवे. गिऱ्हाईक नसते तर कोणी ती टोपली इथवर आणली नसती.

राणीच्या बागेत पेंग्विन आले तेव्हा मुलांना किती आनंद झाला, हे मी पाहिले आहे. उद्या गिबनही आणा, अशी मागणी होईल. उंच झाडे, झोके घ्यायला मोकळी जागा आणि जोडी एकत्र देता येणार असेल तरच ती मान्य करावी. नाहीतर ती जागा रिकामी राहू द्यावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लालबाग, मुंबई