स्टुलावरून न उठलेल्या काकांना

काका,

माझ्या गाडीचे ब्रेक मलाच दुरुस्त करायला शिकवलंत, त्याचे तोंडावर आभार मानले की तुम्ही "हां हां, चहा ठेव गो" म्हणून विषय संपवता. मागे डब्यातून फणसाची भाजी दिली, तर डबा आमसुलं भरून परत आला. म्हणजे देणं पुन्हा माझ्याच अंगावर. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा नातू फोनवर वाचून दाखवेल. तेव्हा पंप चालू करायचाय असं सांगून उठू नका, पाणी सकाळीच येऊन गेलेलं असतं हे मला माहीत आहे.

एप्रिलच्या शेवटी आईला कराडला डोळे दाखवायला नेलं होतं. परत येताना हेळवाक सोडलं आणि कुंभार्ली घाट उतरायला लागले, तसा पुढच्या डाव्या चाकातून पत्रा घासल्यासारखा आवाज यायला लागला. पहिल्या दोन वळणांना वाटलं, खडी अडकली असेल. मग ब्रेक दाबला की वाढायचा, सोडला तरी पुरता थांबायचा नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खात, पोफळीपर्यंत आणली. खाली उतरून चाकाजवळ हात नेला तर तापल्या तव्याची धग. आई डोळ्यांत औषध असल्यामुळे डोळे मिटूनच बसली होती. ती म्हणाली, "काहीतरी करपलंय."

वर्कशॉपमधून अंदाज आला ११,८०० रुपये. पॅड, डिस्क, मजुरी आणि 'इतर' असा एक रकाना. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, 'इतर'च्या रकान्यात काय काय मावतं ते मला नीट कळतं. गाडी २०१० सालची, मी घेतली तेव्हाच सेकंडहँड. त्या महिन्यात ११,८०० नव्हते. गाडी तशीच चार दिवस ऑफिसला नेली, हेही इथे कबूल करते, कारण तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत.

पाचव्या दिवशी गल्लीत वळले तेव्हा तुम्ही कुंपणाशी उभे होतात. "ती गाडी रडत्येय बाय. किती दिवस?" मी खरं सांगितलं. ओरडाल असं वाटलं होतं, पण तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्यापासून बसने जा. रविवारी सातला. जुने कपडे घाल."

मला वाटलं, तुम्ही दुरुस्त करून देणार. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस, त्याला माझी स्विफ्ट म्हणजे खेळणं. मी मनात मजुरीचा आकडासुद्धा ठरवून ठेवला होता. रविवारी तुम्ही आलात ते एका हातात प्लास्टिकचं स्टूल आणि दुसऱ्या हातात खाकी कापडात गुंडाळलेली हत्यारं घेऊन. स्टूल चाकापासून चार हातांवर ठेवलंत, बसलात, आणि पाना माझ्यासमोर धरलात. "घे."

पहिली गोष्ट मी कोणती केली ते आठवतंय? जॅक लावून गाडी उचलली आणि टेकू म्हणून बागेच्या कडेचे दोन चिरे ओढून आणले. जांभ्याचे, चांगले जड. आमच्या घराचा पाया त्याचाच, मग गाडीला काय झालं? त्या एका वेळी तुमचा आवाज चढला. चिरा वरून दगड दिसतो पण आतून भोकाभोकाचा, टोकावर भार आला की फुटतो, आणि फुटायच्या आधी सांगत नाही. "चिऱ्यावर घर राहतं, गाडी नाय राहायची." मग घरून लोखंडी घोड्या, म्हणजे गाडीखाली लावायचे स्टँड, आणल्यात. गाडी घोड्यांवर बसल्यावर मला ती दोन्ही हातांनी हलवून बघायला लावलीत. काढलेलं चाकसुद्धा गाडीखाली आडवं सरकवायला सांगितलंत, घोडी सरकलीच तर गाडी त्याच्यावर बसेल म्हणून. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, हेही तेव्हाच कळलं. तोवर मी हवेत फिरणाऱ्या चाकाशी कुस्ती खेळत होते.

कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा, उघडला तर बाहेरच्या पॅडवर अजून पाच मिलिमीटर माल आणि आतल्या पॅडवर नुसता पत्रा. एकाच चाकात दोन पॅड आणि इतका फरक? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्या हाताने सरकवून बघायला सांगितल्यात. एक सरकली, दुसरी जाम. मग आपोआप उलगडलं. आतल्या बाजूला पिस्टन, म्हणजे दट्ट्या, असतो, तो आतला पॅड दाबतो, आणि त्याच दाबाने अख्खा कॅलिपर उलटा सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनच अडकली की बाहेरचा नुसता बघ्या, सगळी झीज आतल्याची. पिन ओढून काढली तेव्हा फाटक्या रबराच्या आत तपकिरी, वाळलेला, बोटाने चुरला जाणारा गाळ होता. दोघांनाही तो ओळखीचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा गाडी चढावर लावली म्हणून वाचली असं मी सगळ्यांना सांगत आले. अर्ध्या चाकापर्यंत पाणी आलं होतं, ते विसरले होते. घरातला गाळ आठ दिवस उपसला, हा राहिला.

मग तुमचा जाडी मोजायचा व्हर्नियर. डिस्कवर बारीक अक्षरांत किमान जाडी कोरलेली असते हे मला त्या दिवशी कळलं. नवी १७ मिलिमीटर, १५ च्या खाली बाद. डावी भरली १४.४, उजवी १५.३. मी लगेच हिशेब मांडला की उजवी अजून चालेल, एका डिस्कचे पैसे वाचतील. तुम्ही विचारलंत, एका पायात नवी चप्पल आणि एका पायात झिजलेली घालून घाट उतरशील का? दोन्ही बाजूंची पकड सारखी नसली तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढणार. डावी लेथवर मारून घेऊ का, असंही मी विचारलं. त्यावर नुसतं बघितलंत. आधीच बाद झालेली आणखी खरवडून काय मिळणार, हे माझं मलाच कळलं.

स्पेअर पार्टच्या दुकानातला प्रसंग थोडक्यात उरकते. "मॅडम, मेकॅनिकला पाठवा." मी म्हटलं, मीच मेकॅनिक. तुम्ही कागदावर लिहून दिल्याप्रमाणे खोक्यावरचा पार्ट नंबर बघितला, सील बघितलं, जुना पॅड नव्याला लावून बघितला. मग त्याने गप्प बिल केलं.

दुसरा रविवार खरा. जुनी डिस्क हबला, म्हणजे ती ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, गंजून अशी धरली होती की मी हातोडा उचलला. तुम्ही तुमच्या डब्यातून आठ एमएमचे दोन बोल्ट काढून दिलेत. डिस्कवर चाकाच्या नटांशिवाय दोन आटे पाडलेली भोकं असतात. मला ती शोभेची वाटली होती. त्यांत दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळत गेले, आणि टक् करून डिस्क स्वतःच पुढे आली. तो 'टक्' मला अजून ऐकू येतो. इतक्या वर्षांत बॅलन्सशीट जुळल्यावरसुद्धा एवढं बरं वाटलं नव्हतं.

आता लगेच नवी चढवायची म्हणून मी हात घातला, तर तुम्ही पॉलिश पेपर पुढे केलात. हबचा चेहरा घासायचा, गंजाची एक खपली राहता कामा नये. खपलीवर डिस्क बसली की ती कागदाएवढी का होईना तिरकी फिरणार, आणि काही दिवसांनी ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरणार, मग लोक म्हणणार नवी डिस्क वाकडी निघाली. मी दहा मिनिटं घासलं. तुम्ही बोट फिरवलंत आणि म्हणालात, "अजून." पंचवीस मिनिटं घासलं. खाली पडलेल्या काळ्या भुकटीवर मी फुंकर मारणार होते, तेव्हा ओलं फडकं दिलंत. तुमच्या नोकरीच्या सुरुवातीला ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि सगळे फुंकरच मारायचे, एवढं सांगून तुम्ही बराच वेळ गप्प बसलात. मी पुढे विचारलं नाही.

नव्या डिस्कवरचं तेल क्लीनरने पुसलं, पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं, नवी रबरं बसवली. कॅलिपर होजवर, म्हणजे ऑईलच्या रबरी नळीवर, लोंबकळू नये म्हणून तारेने बांधून ठेवला होता. पिस्टन मागे ढकलायच्या आधी वरच्या डबीतलं थोडं ब्रेकचं ऑईल मेडिकलच्या सिरिंजने ओढून घ्यायचं, नाहीतर उतू जातं. मी ओढलं, आणि एक थेंब मडगार्डवर सांडला. तुम्ही पाण्याचा तांब्या ओतेपर्यंत त्याने रंगात तोंड घातलंच होतं. तो डाग मी रंगवून घेणार नाहीये.

आणि तो दगड. दोन्ही चाकं चढवली, तुमच्या टॉर्क रेंचने, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, नट समोरासमोर आवळले, ८५ न्यूटन-मीटरला तो 'कट्' बोलेपर्यंत. तुम्ही चहा घ्यायला आत गेलात. मला धीर कुठला! गाडीत बसले, हँडब्रेक सोडला आणि ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल सरळ जमिनीला. पायाखाली काहीच नाही. गल्ली उताराची. गाडी वीतभर सरकली आणि कशाला तरी टेकून थांबली. मागच्या चाकाला तुम्ही सकाळीच काळा दगड लावून ठेवला होतात, मला न सांगता. कप हातात घेऊन बाहेर आलात, माझा चेहरा बघितलात आणि म्हणालात, "आता दाब. दाबत राहा." मागे ढकललेला पिस्टन पुन्हा पॅडला येऊन भिडेपर्यंत चार-पाच वेळा दाबावं लागतं. पाचव्या वेळी पेडल घट्ट झालं. पाय मात्र दुपारपर्यंत कापत होता. दगडाबद्दल तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत, नंतरही नाही. म्हणून मी इथे बोलतेय.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कराड रस्त्यावर, नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून, ५० वरून १० पर्यंत हळूहळू ब्रेक, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मग न दाबता नुसती फिरवून थंड. दर वेळी तुमचाही उजवा पाय मॅटवर दाबला जात होता. मी बघितलं, काका. पुढच्या रविवारी ब्रेकचं ऑईल बदललं, सलाईनची नळी लावून. जुनं ऑईल कोऱ्या चहासारखं निघालं. ते हवेतली ओल पितं आणि मग घाटात तापलं की लवकर उकळतं, हे चिपळूणच्या हवेत राहणाऱ्यांना तरी माहीत हवं. त्या दिवशी पेडल दाबायला दुसरा माणूस लागतो म्हणून तुम्ही गाडीच्या कामाला हातभार लावायला स्टुलावरून पहिल्यांदा उठलात.

खर्च: डिस्कची जोडी ३,१००, पॅड ११५०, ऑईल २१०, ग्रीस १८०, क्लीनर २६०, किरकोळ ८५. एकूण ४,९८५. (किरकोळ म्हणजे पॉलिश पेपर, पिनांची रबरं, सिरिंज आणि नळी. माझ्या रकान्याचा तपशील मिळतो.)

हे वाचून कुणी एकट्याने फोनवर बघत बघत चाक उघडायला बसणार असेल तर माझं ऐका, बसू नका. पहिल्या खेपेला शेजारी जाणता माणूस हवा, आणि तो नसेल तर मजुरी द्यावी, ती महाग नाही. मला शेजार फुकटात मिळाला. दोनदा तुम्हाला सहज पाना घेऊन दोन मिनिटांत काम संपवता आलं असतं. तुमची बोटं वळवळताना दिसत होती. तुम्ही ती मांडीखाली धरून बसलात, आणि उजवं चाक मी तुम्हाला एकही प्रश्न न विचारता उघडलं.

मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम दिवाळीच्या सुट्टीत उघडायचे असं आपलं ठरलंय. घोड्या माझ्या पडवीत आहेत, दोन बोल्ट त्याच डब्यात, काळा दगड फाटकाच्या आत ठेवलाय. स्टूल तेवढं तुमचं आणा. आणि आमसुलं नकोत, अजून बरणीभर आहेत.

तुमची शेजारीण