एमबीएचे कर्ज, बागायती जमीन आणि ७.५ लाखांची मर्यादा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला यंदा पुण्यातील एका अभिमत विद्यापीठाच्या व्यवस्थापन संस्थेत एमबीएसाठी प्रवेश मिळाला. दोन वर्षांची फी, वसतिगृह आणि खानावळ धरून एकूण खर्च १६ लाख रुपये आहे. भाऊ पलूस तालुक्यात तीन एकर बागायतीत द्राक्षे आणि ऊस करतो. शीतगृहात ठेवलेला बेदाणा भाव वाढण्याची वाट न पाहता विकून त्याने ४ लाख उभे केले. उरलेल्या १२ लाखांच्या शैक्षणिक कर्जासाठी आम्ही दोघे भाऊ बँकेत गेलो. तिथला अनुभव आमच्यापुरता नाही, आपल्या भागातील प्रत्येक शेतकरी कुटुंबाला तो येऊ शकतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

केंद्र सरकारच्या २०१५ च्या पतहमी निधी योजनेमुळे (कर्ज थकल्यास बँकेला सरकारी हमी) ७.५ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण किंवा जामीनदार लागत नाही. त्यापुढच्या रकमेला मात्र सर्वसाधारणपणे स्थावर मालमत्ता तारण द्यावी लागते. भावाच्या जमिनीची किंमत या कर्जाच्या कितीतरी पट आहे, पण शाखाधिकाऱ्यांनी सातबारा पाहताच तो परत केला. त्यांना मी दोष देत नाही. थकीत कर्जाचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला असला, तरी त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याची जमीन सहजासहजी लिलावात जाऊ नये यासाठी ही तरतूद आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे. पण तिच्यामुळे बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून घेण्याचे टाळतात, आणि गावात ज्याला सधन समजले जाते तो माणूस मुलीच्या शिक्षणाच्या वेळी बँकेच्या दारात निर्धन ठरतो.

मग आम्ही गावठाणातले राहते घर पुढे केले. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते आणि घरमालकांना मिळकत पत्रिका मिळते. ही पत्रिका दाखवून ग्रामस्थांना कर्ज काढता यावे, हा त्या योजनेचा जाहीर हेतू आहे. भावाकडे ती पत्रिका आहे. शाखेने ती घेतली नाही, आणि गावठाणातल्या घराला विक्रीमूल्य नाही एवढेच तोंडी सांगितले. अखेर सांगलीत विश्रामबागेत माझा जो फ्लॅट आहे, तो मी तारण दिला. चुलत्याचा शहरात फ्लॅट नसता तर या मुलीने प्रवेश सोडला असता. तिच्यासोबत परीक्षा दिलेल्या किती मुलामुलींनी तो सोडला असेल, या विचाराने मला खरोखर अस्वस्थ वाटते.

शासनाच्या सवलती आहेत, हे मान्यच आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून येणाऱ्या आणि ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी फी मिळते, आणि २०२४ पासून अशाच पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्काची सवलत आहे. परंतु खासगी अभिमत विद्यापीठे यातून वगळलेली आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज देते खरी, पण ती जाहीर झाली तेव्हा यादीत देशभरातील केवळ ८६० संस्था होत्या, आणि त्या योजनेतही सरकारची ७५ टक्के हमी ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जालाच आहे. म्हणजे २०१५ चा आकडा २०२४ मध्येही तोच राहिला. या काळात एमबीएची फी कुठल्या कुठे गेली हे पालकांना वेगळे सांगायला नको.

कर्ज मिळाल्यावरचा हिशेबही पालकांनी आधीच मांडावा, कारण बँकेत तो कोणी समजावून सांगत नाही. १२ लाखांचे कर्ज दोन वर्षांत निम्मे-निम्मे उचलले आणि व्याजदर १० टक्के धरला, तर शिक्षणाची दोन वर्षे आणि हप्ते सुरू होण्याआधीचे सवलतीचे एक वर्ष संपेपर्यंत सरळव्याजाने ३ लाख रुपये व्याज साठते. ते मुदलात मिळवले की परतफेड १५ लाखांवर सुरू होते. दहा वर्षांची मुदत घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १९,८०० रुपये आणि पंधरा वर्षांची घेतल्यास सुमारे १६,१०० रुपये येतो. हप्ता हलका वाटतो म्हणून पंधरा वर्षे निवडणाऱ्याच्या खिशातून एकूण ५ लाखांहून अधिक रक्कम जास्त जाते. शक्य असेल त्यांनी शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत राहावे. भावाने तसे ठरवले आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात मिळणारी वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे, हेही नोकरी लागल्यावर मुलांच्या लक्षात असावे.

माझे स्वतःचे शिक्षण रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात, ‘कमवा आणि शिका’ योजनेत झाले. सकाळी शेतात काम आणि दुपारी वर्ग, एवढ्यावर माझी फी भागत असे. वर्षाला ८ लाख खर्चाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमात तो मार्ग उरलेला नाही, आणि म्हणूनच कर्जाची वाट मोकळी असणे ही चैनीची मागणी नव्हे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती अशी की, विनातारण कर्जाची मर्यादा किमान १५ लाखांपर्यंत वाढवण्यासाठी आपल्या भागातील खासदारांनी अर्थ मंत्रालयाकडे आग्रह धरावा. तोपर्यंत सांगली आणि सातारा येथील जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: स्वामित्व योजनेची मिळकत पत्रिका शैक्षणिक कर्जासाठी तारण म्हणून ग्राह्य धरावी, आणि जी शाखा ती नाकारेल तिने कारण लेखी द्यावे. आमच्या शाखेकडे मी लेखी कारण मागितले आहे. अर्जाची पोच माझ्याकडे आहे; उत्तर अद्याप आलेले नाही.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
सांगली