पुस्तके परतीच्या बोलीवर द्यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात साताऱ्यात राजपथावरच्या एका दुकानात नवा मराठी कथासंग्रह मागितला, तेव्हा "पडून राहिला तर पैसे माझेच अडकतात, आगाऊ नोंदणीशिवाय मागवत नाही," असे उत्तर मिळाले. ऑस्ट्रेलियात न खपलेल्या प्रती ठरावीक मुदतीत प्रकाशकाकडे परत पाठवण्याची पद्धत रूढ असल्याने, तेथील दुकानदार नवख्या लेखकाचे पुस्तकही दर्शनी फळीवर मांडण्याचे धाडस करू शकतो. आपल्याकडे भिलारला २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे; तिथे चाळलेले पुस्तक परतताना साताऱ्यात विकत मिळू नये, याची मनापासून खंत वाटते. मराठी प्रकाशकांनी निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी परतीच्या बोलीवर पुस्तके द्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा