एक गोल नव्हे, एक गुण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची बातमी आपल्या सोमवारच्या (३० ऑक्टोबर २०२३) अंकात वाचली. जेमतेम दोन ओळी, आणि त्यातही 'न्यूझीलंडवर एका गोलने मात'! सामना १२-११ असा सुटला. दक्षिण आफ्रिका जिंकली ती एका गुणाने, आणि सारी गंमत त्या गुणाच्या हिशेबातच आहे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे ५ गुण. त्यानंतरची किक साधली तर आणखी २. पेनल्टी किकचे ३. त्या रात्रीचा एकमेव ट्राय न्यूझीलंडच्या ब्यूडन बॅरेटने केला, तरी हरले तेच! आफ्रिकेच्या हँड्रे पोलार्डने पहिल्याच अर्धात चार पेनल्टी मारून १२ गुण केले होते. उत्तरार्धात आफ्रिकेला भोपळाही फोडता आला नाही, पण न्यूझीलंडची ट्रायनंतरची किक हुकली आणि शेवटाकडे जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टीही. आफ्रिकेने उपांत्यपूर्व सामना २९-२८ आणि उपांत्य सामना १६-१५ असाच काढला होता, हे तरी छापायचं!

मी हा सामना शेतात, जागलीवर बसून मोबाईलवर पाहिला. सोयाबीनची गंजी लागलेली, रानडुकरांचा भरवसा नाही. त्यात कोजागरी, आणि वरून खंडग्रास चंद्रग्रहण. वेधामुळे घरी दूध आटवलंच नव्हतं. सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला, १ वाजून ५ मिनिटांनी ग्रहण लागलं. 'को जागर्ति' विचारत लक्ष्मी आली असती, तर तिलाही स्क्रम, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघांची खांद्याला खांदा भिडवून चाललेली रेटारेटी, पाहत बसावं लागलं असतं.

आमचा गाव कबड्डीचा, त्यामुळे एका गुणाची धाकधूक आम्हाला कोणी शिकवायला नको. पण कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पहिल्या अर्धातच बाहेर गेला, दहा मिनिटांचं पिवळं कार्ड तपासणीत कायमचं लाल झालं, आणि तो परत आलाच नाही. पुरुषांच्या विश्वचषक फायनलमधलं हे पहिलं लाल कार्ड. पंधराऐवजी चौदा जणांनी एका गुणापर्यंत झुंज दिली. टॅकल डोक्याला लागला होता, त्यामुळे शिक्षा मला तरी योग्यच वाटली.

त्याच दिवशी धरमशालेत न्यूझीलंड क्रिकेटमध्येही ऑस्ट्रेलियाकडून हरला, ३८९ चा पाठलाग करताना अवघ्या ५ धावांनी. त्याला आपण अर्धं पान दिलंत, तक्रार नाही. पण विदर्भाच्या चौथ्या हिश्शाएवढीही लोकसंख्या नसलेला देश एकाच दिवशी दोन खेळांत असा काठावर हरतो, ही बातमी नव्हती का?

वाचनालयात तो अंक वाचून दोघांनी मला विचारलं, "भाऊ, तो एक गोल कोनं मारला?" दुरुस्ती छापावी, म्हणजे मला उत्तर देता येईल.

आपला,
एक कबड्डीप्रेमी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ