टिंब द्यायचं राहिलंय

पुणे, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुमे,

गणपतीनंतर तुला एक अक्षर लिहिलं नाही, फोनही दोनदा उचलला नाही. कामात होते हे अर्धं खरं, उरलेलं अर्धं लिहायला आज बसलेय. फोनवर सांगितलं असतं, पण तू लगेच "जाऊ दे गं" म्हणतेस आणि तेवढ्यात काकूंच्या गोळ्यांची वेळ होते. आणि हे मला जाऊ द्यायचं नाहीये. माझी शुगर आटोक्यात आहे, यांचा गुडघा होता तसाच. तब्येतीचं एवढंच.

ऑगस्टमध्ये एक मुलगी घरी आली. तिच्या आईचा अमृतमहोत्सव आहे दिवाळीनंतर. त्याच्या आमंत्रणाची ७५ कार्डं हवी होती, आपली क्विलिंगची, कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या फुलांची. आईनं जन्मभर शिवणकाम केलं, चार पोरं त्या मशीनवर शिकवली. म्हणून ती म्हणाली, "मावशी, सगळं हातानं केलेलंच हवं. मजकूरसुद्धा आम्ही भावंडं हातानं लिहिणार." एका कार्डाचे ९० रुपये ठरले. नमुना तिनं आपल्या जुन्या वहीतून निवडला, तोच झेंडूचा. एक झेंडू, खाली सहा पानं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तो नमुना तुझा.

झेंडू सगळे मी केले सुमे, हे आधी लिहून ठेवते. दहा मिलिमीटरची पट्टी, कडेला दोन मिलिमीटर सोडून बारीक झालर कापायची. आत तीन मिलिमीटरच्या पट्टीची गच्च सुरळी, तिच्या शेपटाला ही झालर चिकटवायची आणि गुंडाळत जायचं. मग अंगठ्यानं एकेक थर बाहेर उलटायचा. शेवटचा थर उलटला की फूल हातात असं काही फुगतं की दर वेळी बघत राहावंसं वाटतं. मी अजूनही तुझ्यासारखं गोधडीच्या सुईवरच गुंडाळते. पट्टी अडकवायला टोकाला फट असते त्या हत्यारानं मध्यभागी ती बारीक घडी पडते, ती मला चालत नाही. (आठवतं ना, क्विलिंग हे नाव क्विल म्हणजे पिसावरून पडलंय, पूर्वी पिसाच्या देठावर पट्ट्या गुंडाळायचे, हे वाचून तू बापटांच्या कोंबड्यामागे लागली होतीस? बापट काका खिडकीतून "अहो वहिनी, तो लढाईतला नाही!" म्हणून ओरडत होते. अजून आठवलं की हसू आवरत नाही.)

सप्टेंबरभर हवा दमट. सुरळी सोडली तरी उमलायचीच नाही. तुझं ऐकून पट्ट्या रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवायला लागले. रोज पाच झेंडू, फार तर सहा. असे ७५ झाले आणि पानांची वेळ आली तेव्हा उजव्या अंगठ्याचं मूळ असं ठणकायला लागलं की कात्री धरवेना. पानं ४५०! मधल्या शिरेची घडी धरून एकेकाला दोन मिनिटं, म्हणजे पंधरा तास. हात मध्येच थांबवावा लागला तर त्याच्या दुप्पट.

ऋतुजानं माझ्या वाढदिवसाला डाय-कटिंगचं मशीन आणलं होतं, ते मी कपाटावर ठेवून दिलं होतं. तिनंच खाली काढलं, आणि अगदी प्रेमानं. प्लेट, वर कागद, त्यावर धारेचा साचा, वर दुसरी प्लेट, आणि दांडा फिरवायचा. मध्यावर आलं की कर्रर्र वाजतं. पलीकडून बारा पानं बाहेर, शिरांसकट. अडतीस फेऱ्या. सीरियल संपायच्या आत सगळी पानं ताटात. मला आनंद झाला सुमे. अंगठा दुखायचा थांबला याचा, आणि पानं सुबक आली याचाही. त्या रात्री मी शांत झोपले.

सकाळी शिक्का मारायला बसले. तोच, तुझा.

तीस वर्षं झाली गं. १९९४ ची दिवाळी, कार्यालयातला तो स्टॉल. तुळशीबागेतून तयार सॅटिनचे गुलाब आणून मी वीस कार्डांवर चिकटवले, आणि तू गिऱ्हाइकासमोर ती वीस कार्डं उचलून त्यांवर बसलीस. अक्षरशः बसलीस! मी म्हटलं, कुणाला कळतंय? तू म्हणालीस, "मला कळतंय." तीन महिने आपण बोललो नाही. सिनेमाची तिकिटं काढलेली, तीही वाया गेली. अजूनही मला वाटतं की तू बसायला नको होतंस, कार्डं बाजूला ठेवली असतीस तरी चाललं असतं. पण संक्रांतीला तू तिळगुळाच्या पुडीत खोडरबरावर कोरलेला शिक्का घेऊन आलीस: "हातानं केलेलं." उलटं कोरताना "लं"वरचा अनुस्वार उडाला होता. तू म्हणालीस, तेवढं टिंब पेनानं देत जा. तेव्हापासून मी प्रत्येक कार्डाच्या पाठीवर शिक्का मारते आणि ते टिंब देते.

या वेळीही दिलं, ७५ वेळा. चाळीसेक कार्डांपर्यंत काही वाटलं नाही. मग हात जड व्हायला लागला. मी मनाला म्हटलं, झेंडू माझे, घडी माझी, पाकिटं माझी.

ती मुलगी ३५ कार्डं न्यायला आली. कागदावरून हात फिरवून विचारलं, हा कुठला? मी कौतुकानं सांगितलं की शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा, गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली सुरू झाली, सुती चिंध्यांचा लगदा करून त्याचा एकेक ताव उचलतात, म्हणून कडा अशा दशा निघाल्यासारख्या. ती म्हणाली, "चिंध्यांचा? आईला सांगते, तिला फार आवडेल." मग तिनं पानावर बोट ठेवलं. "किती सारखी कापलीत हो! सगळं हातानंच ना, मावशी?"

मी "हो" म्हटलं.

इतकंच. कागदाचं खरं, फुलाचं खरं, आणि त्या दोन खऱ्यांच्या जोरावर तिसरं खोटं किती सहज निघालं तोंडातून. तिनं शिवणकाम करणाऱ्या आईचं नाव घेऊन विचारलं होतं. त्या बाईंना कात्रीची कड कळत नसेल का? मशीनच्या पानाची कड एका अंगानं किंचित दबलेली असते, बोटाला लागते.

घरात सांगितलं तर अमेय म्हणाला, दांडा तूच फिरवलास ना, मग झालं की हातानं. ऋतुजानं शोधून वाचून दाखवलं की १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जे पहिलं नाताळचं कार्ड काढलं, तेही आधी छापलेलं आणि मग हातानं रंगवलेलं. "म्हणजे आई, सुरुवातच अशी झाली." पोरगी मला बरं वाटावं म्हणून बोलत होती, मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण छापील कार्ड छापील म्हणून विकायला माझी काय हरकत? मशीनही वाईट नाही, अंगठा असाच राहिला तर मला ते लागणारच आहे. माझं दुखणं त्या टिंबाचं आहे.

काल इथवर लिहून ठेवलं. आज सकाळी तिला फोन केला. पानं मशीनवर कापली आहेत, तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले, असं सरळ सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, ३५ मधली बरीच वाटून झालीत. मी म्हटलं, पानांचे पैसे कमी करते, उरलेल्या ४० कार्डांची पानं कात्रीनं कापून देते. "आईशी बोलून सांगते," म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण "मावशी" म्हणायची ती विसरली. अजून फोन आलेला नाही. मी कापायला बसलेय, ६१ झाली आहेत. अंगठ्याला पट्टी बांधलीय.

तुझं मी काहीच विचारलं नाही. मनूची परीक्षा झाली का? भाऊजींनी आंब्याच्या कलमांचं काय ठरवलं? काकूंना नमस्कार. आणि एक विचारते, रागावू नकोस: २०२१ च्या पुरात तुझ्या दोन्ही ट्रंका गेल्यापासून तू सुई हातात घेतलीस का? तेव्हा तू म्हणाली होतीस, कागद लगद्यातून आला होता, लगद्यात गेला. मी त्यावर काही बोलले नाही, बोलायला हवं होतं. तुझी १९९४ पासूनची अकरा कार्डं माझ्याकडे आहेत. हवी तेव्हा सांग, दिवाळीनंतर स्वतः घेऊन येते.

फुलं दबू नयेत म्हणून हे पत्र मिठाईच्या खोक्यातून स्पीड पोस्टानं पाठवतेय. आत दोन कार्डं आहेत, एक मशीनच्या पानांचं, एक आज कात्रीनं कापलेल्या. कुठलं कोणतं ते तुला सांगायची गरज नाही. दोन्हींवर शिक्का मारलाय, टिंब दिलेलं नाही. सोबत पेन ठेवलंय.

तुझी,
शाली