शिकलेले हात का जातात?

महोदय,

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी पर्यवेक्षक होतो. गोळ्यांच्या यंत्रावरची कंत्राटी मुलं वजन, जाडी, कडकपणा सांभाळायला शिकायची आणि शेजारच्या कारखान्यात दोन हजार जास्त मिळाले की जायची. त्यांना दोष कसा देणार? नवा माणूस तयार होईपर्यंत बॅच वाया, ऑर्डर उशिरा. विस्ताराचे आराखडे तिथेच अडकायचे. मुलं टिकावीत म्हणून निदान बोनस तरी? कायद्याने तो वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, कमाल २०. आमच्याकडे तो किमानच्या वर कधी सरकला नाही. पण मुलं मला विचारायची ते वेगळंच: ‘सर, आम्ही कायम कधी होणार?’ या प्रश्नाचं उत्तर उद्योजकांनी आता तारखेसह द्यावं.

– एक निवृत्त पर्यवेक्षक, फोंडा