पाचवी ते आठवीकडेही देणगीदारांनी पाहावे

माननीय संपादक महोदय,

दहावीचा निकाल लागला की गुणवंतांच्या सत्काराच्या बातम्या सुरू होतात. शाल, श्रीफळ, पाकीट, आमदारांसोबत फोटो. मुलांचे कौतुक जरूर व्हावे. पण जी मुले सहावी-सातवीतच मागे पडली, त्यांच्यासाठी वर्गणी काढलेली मी तरी पाहिली नाही.

मी बँकेतून निवृत्त झालो. गोव्यातल्या साखळी-सत्तरी भागात पाचवी ते आठवीच्या मुलांना मोफत शिकवणाऱ्या एका जुन्या संस्थेचे हिशेब मी पाहतो. तेव्हा माझे मत तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. हिशेब लिहिणाऱ्यानेच वर्तमानपत्रात झोळी पसरावी हे बरे दिसत नाही.

आपल्याकडे चौथीपर्यंत प्राथमिक आणि पाचवीला हायस्कूल. गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकलेले पोर बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसून दुसऱ्या गावच्या अनुदानित हायस्कुलात जाते आणि गणित, विज्ञान एकदम इंग्रजीतून सुरू होते. काल अपूर्णांक भराभर सोडवणारी मुलगी ‘न्युमरेटर’ (अंश) ऐकून गप्प बसते. वर्गात मुले पुष्कळ, शिक्षक तरी किती जणांकडे बघणार? तिला गणितच येत नाही असा समज होतो आणि हळूहळू तिचाही होतो. आई काजूच्या बागायतीत, बाबा औद्योगिक वसाहतीत पाळीवर. ज्यांना परवडते ते शिकवणी लावतात.

आमच्या वर्गाला येणारी मुले हायस्कूल सुटल्यावर घरी जेवून, चारच्या सुमारास देवळाच्या सभामंडपात जमतात. शिकवणाऱ्या ताई गावातल्याच. पाचवीच्या मुलांना पहिले काही महिने नवे काही शिकवायचेच नाही, असा त्यांचा शिरस्ता आहे. चौथीचेच गणित, पण इंग्रजीतून. मूल आधी आपल्या बोलीत उत्तर सांगते, मग तेच वाक्य इंग्रजीत लिहिते. गणेशचतुर्थीपर्यंत फारसा फरक दिसत नाही. पालक कुरकुरतात, एकदोघे मुलांना काढूनही नेतात. दिवाळीनंतर मात्र हायस्कुलातले शिक्षकच विचारू लागतात, हा हात कसा वर करायला लागला?

आठवीत आणखी एक काम असते. आर्थिक दुर्बल घटकांसाठीची केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा याच वर्गात द्यायची असते. पालकांचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात जमा होतात. सरकारी आणि अनुदानित शाळांतली मुलेच पात्र, म्हणजे गोव्यातल्या खेड्यांतली बहुतेक सगळी. पण उत्पन्नाचा दाखला, खाते, आधार हे सगळे वेळेत कोण जमवणार? आधारवर गावकर, पासबुकावर गांवकर, की अडला अर्ज! माझा निम्मा वेळ यातच जातो. निवृत्तीनंतरही काउंटर सुटला नाही म्हणायचे.

आता पैशाचे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून दप्तरे मिळतात, बाके मिळतात, स्मार्ट बोर्ड मिळतो. ज्यावर नाव रंगवता येते ते सगळे मिळते. ताईंचे मानधन मागितले की ‘पगार आमच्या धोरणात बसत नाही’ असे उत्तर येते. वास्तविक नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्पात प्रत्यक्ष शिकवणाऱ्याचे मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. संबंधित अधिकाऱ्यांनी नियम एकदा नीट वाचावेत, ही विनंती.

पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ मध्ये उभी राहिली ती घरोघरच्या मूठभर तांदळावर. ती मूठ नेमाने बाजूला पडत होती, म्हणून शाळा चालली. आज आम्हाला जूनमध्ये भरभरून मिळते आणि फेब्रुवारीत खाते कोरडे. त्यात २०२५ मध्ये सहावीपासूनचे वर्ग एप्रिलातच सुरू झाले. ऐन काजूच्या मोसमात आमचाही वर्ग चालू ठेवावा लागला, आणि त्या महिन्याचे मानधन कोणाच्याच देणगीत धरलेले नव्हते.

सत्कारासाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी आपल्या गावातल्या पाचवीच्या मुलांना दुपारी कोण शिकवते याची चौकशी करावी. असे कोणी सापडले तर एकरकमी देण्यापेक्षा महिन्याला थोडी रक्कम बांधून द्यावी. पावती घ्यावी आणि वर्षअखेरीस तपासलेला ताळेबंद मागावा. द्यायला कोणी का-कू केली तर पैसे देऊ नयेत.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, साखळी